शेपटीवर उतरणारं विमान

चांगला जमलेला सौदा मोडण्याची विद्या एखाद्या कॉलेजात शिकवत असते, तर माझे साडू तिथं प्रिन्सिपॉल झाले असते. हे मी रागानं म्हणतो आहे हे खरं, पण राग आला तरी मी बोलतो तोलूनमापूनच. बाजारात कुणालाही विचारा. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ मैंदर्गीचे, नोकरी सोलापुरात एका गिरणीच्या बॉयलर खात्यात. गिरणीचा भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडं होतं. अर्धं शहर त्यांच्या भोंग्यावर उठायचं, चुली पेटवायचं, पोरं शाळेला हाकलायचं. भोंगा वाजवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र कुठल्याच लग्नाच्या अक्षतांना वेळेवर पोचला नाही. माझं सगळं याच्या उलट. जनावरांच्या बाजारात, बैल विकणारा आणि बैल घेणारा यांच्या मधे उभा राहून, दोघांच्याही शिव्या खात मी दलाली केली आणि त्यातून बैलांच्या साजाचं दुकान उभं केलं. घुंगरमाळा, गोंडे, कासरे, आरसे लावलेल्या झुली, जे म्हणाल ते. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. अपवाद एक, साडू. आणि त्याचं फळ काय मिळालं ते आता सांगतो.

विमानाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते भज्यांच्या पुड्यातून. पुडा होता कुठल्याशा विलायती मासिकाच्या पानाचा. भजी संपली आणि तळाशी विमान निघालं. ते चक्क शेपटीवर उभं होतं, नाक आभाळाकडं, जत्रेत मागच्या पायांवर उभ्या केलेल्या घोड्यासारखं. शेजारच्या मास्तरांनी इंग्रजी वाचून सांगितलं, की हे प्रयोगाचं विमान आहे. उभ्या उभ्या सरळ वर जातं, वर गेलं की आडवं होऊन उडतं, आणि उतरताना पुन्हा उभं होऊन शेपटीकडून खाली येतं. पण उतरताना वैमानिकाला खांद्यावरून मागं वळून जमीन बघावी लागायची, ते काही नीट जमेना, म्हणून प्रयोग सोडून दिला. दुसरा कुणी असता तर त्या कागदाला हात पुसून मोकळा झाला असता. साडू म्हणाले, “सोडून दिला? का म्हणून? गाडी मागं सारताना गाडीवान काय करतोय? मान वळवून बघतोयच की!” आणि परदेशातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी सोडलेलं काम मैंदर्गीच्या माणसानं हातात घेतलं. हातभर लांबीचं विमान करायचं, ते सरळ वर जायला हवं आणि सरळ खाली येऊन शेपटीवर उभं राहायला हवं. एवढीच त्यांची इच्छा. अडचण अशी, की भज्याच्या तेलाचा डाग नेमका शेपटीवर पडला होता. ती खरी कशी आहे हे मासिकाला ठाऊक, नाहीतर भजीवाल्याला. तेव्हा साडूंनी ती मनानंच करायला घेतली, आणि मनानं केलेल्या वस्तूला शेवट नसतो.

विमानाला हलकं लाकूड हवं. ते इथं कुठलं मिळायला? साडूंनी जोंधळ्याचं धाट सोललं. आतला पांढरा गाभा, ज्याच्या आमच्याकडची पोरं बैलगाड्या करतात, त्याचं त्यांनी विमान केलं. त्यातही कुठलाही जोंधळा चालायचा नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलाच पाहिजे. एसटीनं तिकडं जायचे, शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीपुढं उभं राहून एकेक धाट तळहातावर तोलायचे, आणि चारपाच निवडून बाळंतिणीनं मूल आणावं तसं मांडीवर घेऊन परत यायचे. शेतकरी फुकट द्यायला तयार असायचा आणि हे बळंच त्याच्या हातात पैसे कोंबायचे! माझ्यासारख्या माणसाला असल्या नातेवाइकाबरोबर प्रवास करणं किती जड जातं याची कल्पना करा. पंखांना पतंगाचा कागद लावला. इंजिनाऐवजी सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या पीळ देऊन ताणायच्या, पीळ सुटला की पुढचे पंखे फिरणार. पंखे दोन, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे; एक उजवीकडं फिरणारा, दुसरा डावीकडं, कारण एकच लावला तर विमानच गरगर फिरतं. रबर मऊ राहावं म्हणून त्याला एरंडेल चोळायचे. मेहुणी माझ्या बायकोकडं येऊन रडकुंडीला यायची. “पोटात दुखतंय म्हणून बाटली काढावी तर रिकामी. इमानाला जुलाब दिलाय म्हणं ह्यांनी!”

विमान वर छान जायचं. उतरताना मात्र रोज नवी तऱ्हा. कधी तुळशीवर, कधी शेजारणीच्या पापडांच्या वाळवणात, एकदा तर दारात आलेल्या पोस्टमनच्या पगडीवजा टोपीवर. आणि प्रत्येक वेळी साडूंचं एकच वाक्य, “एक किरकोळ दुरुस्ती हाय.” त्या किरकोळ दुरुस्त्यांनी किती शेपट्या खाल्ल्या याची गणतीच नाही. शेपटीच्या चार पात्यांखाली चाकं हवीत म्हणून त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. तेव्हापासून भोंगा वाजवायला जाताना त्यांच्या सदऱ्याला टाचण्या. मग त्यांना वैमानिकाची दया आली. जोंधळ्याच्या गाभ्याचाच बोटभर वैमानिक त्यांनी केला, त्याची मान कायमची मागं वळवलेली. तरीही त्याला खालचं नीट दिसत नसणार म्हणून माझ्या दुकानातल्या नव्या झुलीचा एक आरसा उचकटून त्याच्यापुढं लावला. मी भडकलो. “अण्णा, त्याला डोळे तरी काढलेत काय, आरसा लावताय ते?” तर शांतपणे म्हणाले, “डोळे र्‍हायलेच की. बरं झालं सांगितलं पाव्हणं,” आणि गल्ल्याकडं वळून शिसपेन्सिल मागायला लागले.

दुष्काळ पडला त्या साली मात्र विमान खुंटीवर गेलं. गुरं छावणीत, कडब्याची काडी दिसेना. मीच एकदा एक धाट पैदा करून नेलं, म्हटलं माणूस बिचारा सुकलाय. त्यांनी ते हातावर तोललं, चांगलं आहे म्हणाले, आणि उठून दारातून चाललेल्या धनगराच्या शेळीपुढं टाकलं. “खायाचं हाय ते, उडवायचं न्हाय औंदा.” पुढच्या सुगीला पहिला कडबा आला तेव्हा मात्र मंगळवेढ्याच्या पहिल्या एसटीत ते होते.

आता माझ्या सौद्याकडं येतो. मुंबईचा एक खेळण्यांचा व्यापारी दुकानात घुंगरमाळा बघायला आला. विमान तेव्हा गल्ल्याशेजारी उभं होतं. साडू दुसरा आरसा पळवायला आले होते. व्यापाऱ्यानं ते बघितलं मात्र, घुंगरमाळा राहिल्या बाजूला. असली विमानं पेट्या भरभरून मुंबईला धाडायची, नमुना हाच, करणार आम्ही सोलापुरात! मला डोळ्यांसमोर कारखाना दिसला, त्याचा भोंगासुद्धा दिसला. साडूंचं एकच म्हणणं, “अजून उतरत न्हाय ते.” मी त्यांना कोपरखळी मारली. विकताना बैलाच्या लाथा सांगायच्या असतात का?

ठरलं असं, की बाजार उठल्यावर, उन्हं कलली आणि वारं पडलं की जनावरांच्या मैदानात विमान उडवून दाखवायचं आणि तिथंच भाव करायचा. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. व्यापाऱ्याचे वडील मुंबईत मोत्यांच्या बाजारात हेच करायचे, त्यामुळं गडी खूश झाला. यात नियम एकच, पण पोलादी: टॉवेलाखालचा भाव चारचौघांना दिसला की तो सौदा मेला. मग काही केल्या तो जिवंत होत नाही. हा नियम मी स्वतः त्या मैदानात कित्येकांना दरडावून पाळायला लावला आहे.

साडू रबराला पीळ देत होते. जुने दलाल भोवती गोळा झाले. टॉवेलाखाली आमचं जवळजवळ जमलं होतं, एक बोट तेवढं अडलं होतं. विमान हवेत असताना भाव चढतो, हे मला कळत होतं, मी डोळ्यानं खूण केली, “सोडा!” विमान सुटलं. मैदानातल्या कडुलिंबाच्या शेंड्यावर गेलं, तिथं क्षणभर टांगल्यासारखं थांबलं. व्यापाऱ्याचं बोट ढिलं पडायला लागलं. मग विमान उतरायला लागलं. आणि काय सांगू, सरळ! डुलत नाही, कलत नाही, शेपटीवर, पंखे हळूहळू फिरताहेत, वैमानिक मान वळवून खाली बघतोय. फांदीच्या खाली आलं, माणसाच्या डोक्याइतकं खाली आलं, कमरेइतकं आलं. तिथं किंचित, अगदी किंचित कललं. आणि साडूंनी झेप टाकून आमच्या हातांवरचा टॉवेल ओढला, आणि त्यात विमान झेललं.

भर मैदानात, लग्न लागल्यासारखा, माझा हात त्या व्यापाऱ्याच्या हातात. सगळ्या दलालांनी आमची बोटं वाचली. एक म्हातारा दलाल म्हणाला, “काय रं, अंतरपाट काढला व्हय? मेला सौदा.” व्यापारीही बापाचा खरा पोरगा; हात काढून घेतला, नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो इथं लिहिण्यासारखा नाही. शेवटी म्हटलं, “अण्णा, उभं र्‍हात होतं की ते!”

“र्‍हात होतं व्हय?” टॉवेलातलं विमान चाचपत ते म्हणाले.

“इतकी वर्सं त्याच्यासाठी तळमळत होतासा! मग र्‍हाऊ द्यायचं की उभं!”

“व्हय की. पर पडलं असतं तर?”

“तर पडलं असतं!”

त्यांनी वैमानिकाचा आरसा टॉवेलानं पुसला. मग म्हणाले, “बघवलं नसतं, पाव्हणं.”

त्या दिवसापासून दोन सणांना मी त्यांच्याशी बोललो नाही. तो राग अजून आहे. सौदा मोडला म्हणून आहेच, पण त्याहून जास्त, विमान उभं राहिलं असतं की नाही हे कळलं नाही म्हणून आहे.

नोकरी संपल्यावर साडू मैंदर्गीला परत गेले. हात थरथरायला लागले होते. जाताना विमान माझ्या गल्ल्याशेजारी आणून उभं केलं. “तुमच्या दुकानाचं छत उंच हाय. आत वारं न्हाय. एकदा सोडून बघा आन मला सांगा, उभं र्‍हातंय का.” मी म्हटलं, “तुमीच सोडा की.” तर हसले नुसते. तेव्हापासून मैंदर्गी-अक्कलकोटकडून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर निरोप येतो: उभं र्‍हायलं का? मी उलट निरोप धाडतो, मला धंदा आहे.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रबराला एरंडेल लावलं, पीळ दिला आणि सोडलं. विमान आढ्यापर्यंत गेलं. त्याच्या पंख्यांच्या वाऱ्यानं टांगलेल्या घुंगरमाळा किणकिणल्या. मग खाली यायला लागलं. सरळ. अगदी सरळ. आणि शेवटच्या वीतभरात बघतो तर खांद्यावरचा टॉवेल माझ्या दोन्ही हातांत, आणि टॉवेलात विमान.

दुकानात कुणी नव्हतं हे नशीब. मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली.

आता जत्रेला साडू येतील आणि दारातूनच विचारतील. रबर तुटलं म्हणून ठोकून द्यायचं मी ठरवलं आहे. इतकी वर्षं बाजारात काढली, एवढं जमेल. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही, नुसते बसून राहतील. म्हणून एका किरकोळ दुरुस्तीपुरतं शेपटीखालचं एक बटण मी आजच जरा ढिलं करून ठेवलं आहे.