चिंधी बांधलेला दुधी

स्वयंपाकघरातला डबा सकाळी सकाळीच बोलला. "बाबा, आज रात्री फ्रॉस्ट आहे. बाहेर नका जाऊ. स्लिप होणार तुम्ही."

डबा म्हणजे कॅमेरा. फ्रिजवर बसवलाय. ही गेल्यावर दोन महिन्यांनी मी दूध ठेवलं आणि खुर्चीत झोपलो. भांडं काळं झालं, धुराची घंटा वाजली, शेजारीण धावत आली. झालं ते एवढंच. पण मुलगा मँचेस्टरहून आला आणि हा डोळा लावून गेला. आता मी चहात दुसरा चमचा साखर टाकली तरी त्याला तिकडे दिसते. हीसुद्धा साखरेवरून बोलायची, पण समोर उभी राहून बोलायची. तिला उलटून बोलता यायचं. फ्रिजला काय बोलणार?

"बरं," मी म्हणालो आणि कोट घातला. मागच्या दाराचा कोपरा त्याला दिसत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

लेस्टरमधलं आमचं घर रांगेतलं. दोन्ही बाजूंना घरं चिकटलेली, मागे लांबट चिंचोळी बाग, तिला तिन्ही बाजूंनी माणसाच्या उंचीचं लाकडी कुंपण. बसचा थांबा उताराखाली आहे. उतरता येतं, पण गुडघे परत चढू देत नाहीत, म्हणून जातच नाही. पुढे दार, मागे कुंपण, फ्रिजवर डोळा. यात माझे दिवस जातात. तेही नोव्हेंबर संपेपर्यंतच. मुलाने त्याच्या घराजवळ, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक खोली ठरवलीय. बटण दाबलं की बाई येते म्हणे. "गार्डनचं टेन्शनच नाही, बाबा," असं म्हणाला होता. मी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. घर मीच त्याच्या नावावर करून दिलंय. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं.

बाग माझी नव्हे, हिची. ही बार्शीकडची, शेतकऱ्याची मुलगी. मी सोलापूरचा, चौथी शिकलेला. आधी चादरींचा कारखाना, मग इथे मोज्यांची गिरणी. माती माझ्या चपलेला लागायची तेवढीच. हिने मला बागेत कशाला हात लावू दिला नाही. "तुम्ही पाणी घाला, तेवढ्याने झाड मरत नाही," म्हणायची, आणि मग पाणी जास्त झालं म्हणून ओरडायची.

मार्चमध्ये दवाखान्यात गेली, त्याच्या आधी तिने दह्याच्या रिकाम्या डब्यांत बिया लावून खिडकीत ठेवल्या होत्या. ती परत आली नाही. बिया उगवल्या. दिवस-कार्य होईपर्यंत कोणी बघितलंसुद्धा नाही, तरी उगवल्या. मला रागच आला त्यांचा. मग पाणी घालत राहिलो, दुसरं काही काम नव्हतं.

त्यातला दुधी तिच्या आईच्या परसातला. लग्न होऊन इकडे यायला निघाली तेव्हा परकराच्या नेफ्यात बी बांधून आणलं होतं. दुकानातला दुधी नुसतं पाणी, आपला गोड, असं सगळ्यांना सांगायची. मला दोन्ही सारखेच लागायचे. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

दर वर्षी एका दुधीला ती जुन्या साडीचा काठ फाडून चिंधी बांधायची. मी म्हणायचो, "कोणाची नजर लागणार आहे गं तुझ्या दुधीला? पलीकडचा गोरा तर दुधी खातही नाही." ती पदर तोंडाला लावून हसायची. उत्तर द्यायची नाही. आमच्या सोलापूरच्या घराला लिंबू-मिरची असायची, त्यातलाच हा प्रकार, असं मी धरून चाललो. यंदा जुलैत पहिला दुधी धरला तेव्हा मीही तिच्या कपाटातून एक साडी काढली. लाल काठाची. फाडताना आवाज फार मोठा झाला. चिंधी बांधली. तिचं राहून जायला नको म्हणून. आणि तो दुधी तोडला नाही, कारण तीही तोडायची नाही. थंडी पडल्यावर ती त्याचं काय करायची, ते मी कधी बघितलं नव्हतं. मी टीव्हीसमोर असायचो.

तर त्या दिवशी सगळं काढलं. हिरवे टोमॅटो, मिरच्या, मेथीची शेवटची जुडी, बोटाएवढे दोन दुधी. चिंधीवालाही काढला. म्हटलं, बर्फाने जाळण्यापेक्षा पोटात गेलेला बरा.

सुरी आत जाईना. साल लाकडासारखी.

"बाबा, नाइफ नको ना. हात कापेल. मी डबे दिलेत फ्रिजमध्ये, मायक्रोवेव्ह करा."

"तुला कामधंदा नाही का रे?"

"मी मीटिंगमध्ये आहे."

"मग तिकडे बघ."

कसाबसा फोडला तर आतला गर कापसासारखा झालेला, त्यात टणक बिया. चमच्याने खरवडून सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वर टोमॅटोची देठं, चहाचा चोथा. मग चण्याची डाळ घालून दुधी शिजत टाकला, शेंगदाण्याचं कूट लावलं. टोमॅटोची तीळ घालून चटणी केली. ठेचा केला, खोकलो. दुपारी दोन वाजले तरी दुधी मऊ होईना. हिच्या हातचा दहा मिनिटांत व्हायचा.

तीनच्या सुमाराला शेजारीण आली. गुजराती बाई आहे, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, तीही एकटीच. ती गुजरातीत बोलते, मी मराठीत. इतकी वर्षं असंच चाललंय. आता तिचं बोलणं मला मराठीसारखंच ऐकू येतं.

"भाई, बी लेवा आवी छुं."

"कसलं बी?"

"दूधीनुं." तिची नजर टेबलावरच्या चिंधीवर गेली. मग पातेल्याकडे. "भाई, ए तोडी नाख्युं?"

"नजरेची चिंधी होती. काम झालं तिचं."

ती हसायला लागली. हसता हसता खुर्ची धरून खाली बसली, आणि मग तिचं हसू बंद झालं. म्हणाली, नजरेची नव्हे. तो बियाचा दुधी. वेलावरच जून होऊ द्यायचा, थंडीच्या आधी काढून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात सुकवायचा, मग बी काढायचं. चिंधी ही खूण, कोणी तोडू नये म्हणून.

"कोणी म्हणजे कोण? इथे आहे कोण तोडायला?"

तिने माझ्याकडे बोट केलं. हिला ती बेन म्हणायची. "बेन म्हणायची, आमच्या घरातल्या माणसाची नजर वाईट. दिसेल ते तोडून खाईल."

म्हणजे इतकी वर्षं ती चिंधी माझ्यासाठी होती. आणि मी तिलाच हसत होतो.

"तुमच्याकडे असेल ना मागचं थोडं?" मी विचारलं.

नव्हतं. तिने सगळं लावलं होतं आणि रोपं गोगलगायींनी खाल्ली होती. हिने ठेवलेलं सगळं दह्याच्या डब्यांत गेलं होतं. त्या बार्शीच्या परसातलं आता जे काही उरलं होतं, ते माझ्या कचऱ्यात, चहाच्या चोथ्याखाली.

मी जमिनीवर बसलो. म्हणजे बसायला गेलो आणि आदळलो. वर्तमानपत्र पसरून कचऱ्याचा डबा उलटा केला.

"बाबा! पडलात का? बाबा!"

"पडलो नाही. बसलोय."

"कचऱ्यात काय करताय?"

"तुझ्या आईचं शोधतोय."

मला लगेच कळलं, काय बोलून बसलो ते. मी ठीक आहे हे सांगायला बाई फ्रिजकडे तोंड करून ओरडली, "बेटा, तारा पप्पा बराबर छे!" पण त्याने काय ऐकायचं ते ऐकलं होतं. "मी येतो. धिस इज इट, बाबा. आय ॲम कमिंग." पाचवा मजला पक्का झाला. माझ्याच तोंडाने.

बिया निवडल्या. बोटांना चोथा, देठं, चिकट गर. बाईने धुऊन वाडग्यात पाणी घेतलं आणि त्यात टाकल्या. तरंगलं ते पोकळ, बुडलं ते चांगलं. इकडचा उन्हाळा तो केवढा! बहुतेक सगळ्या वर आल्या. मी बोटाने खाली दाबत होतो, तिने माझा हात बाजूला केला.

पाच तळाशी राहिल्या.

"अर्ध्या तुमच्या," मी म्हणालो.

"पाचचं अर्धं काय करू? तुम्ही लावा. पुढच्या साली द्या."

"कुठे लावू? पाचव्या मजल्यावर?"

तिने पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "चामडुं छे," म्हणाली आणि दुसरा घेतला.

मला उठता येईना. तिला उचलता येईना. तिने माझ्या पाठीमागे उशी लावली, गॅस बंद केला आणि बसून राहिली. बाहेर साडेचारलाच अंधारलं. मुलगा येईपर्यंत मी तसाच, फ्रिजकडे बघत.

तो आला, बूटही काढले नाहीत, काखेत हात घालून मला उचललं. मग बशीतल्या बिया बघितल्या. बाईने त्याला सगळं सांगितलं, चिंधीचंसुद्धा. तो हसला नाही. ताट घेऊन दुधी वाढून घेतला. लहानपणी दुधी बघून रडायचा. चावून चावून पूर्ण खाल्ला आणि बेसिनवर बराच वेळ पाठमोरा ताट धूत उभा राहिला.

सकाळी बाग पांढरी होती. वेल काळा पडून तारेवर लोंबत होता. आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. याच खिडकीत ते दह्याचे डबे होते.

"तिकडे बाल्कनी आहे, बाबा. छोटी."

"ऊन येतं का? दुधीला दिवसभर ऊन लागतं."

तो फोन काढून नकाशा बघायला लागला. फिरवून फिरवून बघत होता.

"नॉर्थ," म्हणाला.

मी पाच बिया चिंधीत बांधल्या आणि टाकीच्या कपाटात, तिच्या घडी केलेल्या परकरांवर ठेवल्या. सुकायला तीन आठवडे लागतात, असं शेजारीण म्हणाली. मला इथे तेवढेच आहेत.