येते हं

भयकथालेखक म्हणून माझ्या कारकिर्दीत मी आजवर एकाच व्यक्तीला घाबरवू शकलो आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

पोटापाण्यासाठी मी दुबईत जहाजांतून येणाऱ्या मालाची कागदपत्रं बघतो. उरलेल्या वेळात भुतं बघतो. आठवड्याला एक गोष्ट लिहायची, स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करायची आणि पॉडकास्टवर टाकायची. डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या आमच्या वसाहतीत बसून हे सोपं नाही. इथे विहीर नाही, पिंपळ नाही, इमारती कालपरवाच्या. (जागेला भूत जडायचं तर आधी कुणीतरी तिथे मनापासून राहावं लागतं. इथे भाडेकरूच टिकत नाहीत!) पण ऑगस्टची दुपार मात्र आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही, प्रत्येक खिडकीचा पडदा ओढलेला, आणि त्या पांढऱ्या उन्हात कुणीतरी नुसतं उभं असावं, अशी शांतता. कोकणात भुतांची वेळ भरदुपारची का मानतात, ते मला इथे येऊन कळलं.

माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. साड्या आणि रजया यांच्यात घुसून बसलं की आवाज घुमत नाही. एसीची घरघर नको म्हणून तो बंद करायचा. आतला माणूस थोड्याच वेळात मोदकासारखा उकडून निघतो.

त्या सुट्टीत सासूबाई गुहागरहून आल्या होत्या. माझ्या बायकोला, केतकीला, अल बर्शात नवी नोकरी लागली होती. आमच्या इराची शाळा बंद, म्हणजे घरात कुणीतरी हवंच. केतकीने मला बजावलं होतं, "मंदार, आईला तुझ्या भुतांपासून लांब ठेव. ती घाबरून परत गेली ना, तर माझी नोकरी खलास."

पण सासूबाईंनी पॉडकास्ट केव्हाच शोधून काढला होता. भाकऱ्या थापता थापता त्यांनी सगळे भाग ऐकून संपवले. सासूबाईंना या घरातल्या दोन गोष्टी आवडायच्या. एक माझी भुतं, आणि दुसरी इराचं अगत्य. इरा आमच्याशी इंग्रजीतच बोलते आणि कशालाही "या, या" म्हणते. "पोरीला वळण चांगलं लावलंत हो, मंदारराव," सासूबाई म्हणायच्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या' म्हणते." मी ते श्रेय घेऊन टाकलं.

घरात पहिल्यांदाच श्रोता मिळाल्यामुळे मला इतकं भरून आलं, की केतकीची ताकीद विसरून मी खास सासूबाईंसाठी एक गोष्ट लिहिली आणि रेकॉर्ड करण्याआधी त्यांनाच वाचून दाखवली. भरदुपारी एक बाई दारात येते. मागत काही नाही. वळताना फक्त म्हणते, "येते हं." आपल्याकडे निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही, आणि समोरचाही सवयीने बोलून जातो, "या हं." झालं. तुम्ही 'या' म्हणालात, की ती आली. कायमची.

शुक्रवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असतं. घरी आलो तर सासूबाई अंघोळीला गेलेल्या. हॉलमध्ये इरा आयपॅड घेऊन बसली होती.

"आजीला सांग, बाबा आलाय आणि कपाटात आहे."

"या," इरा म्हणाली, आणि अर्थातच सांगितलं नाही.

मी कपाटात शिरलो, केतकीची साडी डोक्यावरून घेतली, मोबाइलचा दिवा हनुवटीखाली धरला आणि रेकॉर्डर चालू केला. कथा रंगात आली. बाई वळली. मी बारीक आवाजात म्हणालो, "येते हं..."

बाहेरून आवाज आला, "या हं, सावकाश जा."

मी रजयांत आणखी मागे सरकलो. सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालता घालता पेंगत होत्या, हे मला नंतर समजलं. मग सावकाश पावलं आली आणि कपाटाचं दार उघडलं. आत साडी पांघरलेलं, घामाने निथळणारं, खालून उजळलेलं काहीतरी उकिडवं बसलं होतं. सासूबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी दार लावलं आणि किल्ली फिरवली.

"आई, मी मंदार!"

"मंदारराव ऑफिसात आहेत. त्यांचा आवाज काढू नकोस."

भूत घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, हे माझ्याच पॉडकास्टवर मी घोळवून घोळवून सांगितलं होतं. पूर्वीच्या भुतांना तिसरी हाक मारता येत नसे, ही एक आशा होती. मी तीनदा हाक मारली. तेव्हा आठवलं, 'हल्लीची भुतं तिसरी हाकही मारतात' ही भर गेल्याच महिन्यात मी स्वतः घातली होती.

शेवटी केतकीला फोन लावला. तिने आईला फोन केला. "आई, कपाट उघड. आत मंदारच आहे."

"तू केतकीच कशावरून?" सासूबाईंनी विचारलं.

केतकी टॅक्सी करून आली. दारातच तिची परीक्षा झाली.

"तुझ्या बारशाला कोण रुसलं होतं?"

"आत्या."

मग किल्ली फिरली. मी बाहेर पडलो, पण सासूबाईंचा चेहरा उतरलेलाच होता. "तुम्ही असा नाहीतर कुणी. मी 'या' म्हणून बसले ना," त्या म्हणाल्या. "मला गुहागरला पोचवा." केतकी माझ्याकडे बघत राहिली. तिच्याइतकं भीतिदायक मला आजवर काहीही लिहिता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅग दारात आली. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि तोंड उघडून तशाच थांबल्या. 'येते' म्हणायची सोय नव्हती, तो आता त्या बाईचा शब्द. 'जाते' तर त्या उंबऱ्यावर मेल्या तरी म्हणणार नाहीत.

"मग काही न बोलताच निघा," मी सुचवलं.

केतकीने मला कोपर मारलं. सासूबाईंनी बराच विचार केला, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "राहते." नोकरी वाचली. मला रडूच यायचं बाकी होतं.

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग ऐकलं. माझं "येते हं", सासूबाईंचं "या हं", मग किल्ली, मग माझ्या हाका. त्या हाकांच्या मध्येच हॉलमधून इराचा बारीक आवाज होता, "या, शुअर."

मी इराला बोलावलं. "हे कुणाला म्हणालीस?"

"द आंटी. शी सेड 'येते हं'. सो आय सेड, या."

"अगं, तो मीच होतो. कपाटातून."

"नो बाबा," ती आयपॅडवरून नजर न काढता म्हणाली. "द वन ॲट द मेन डोअर. युवर्स साउंड्स सो फेक."

तेव्हापासून मी ते कपाट उघडलेलं नाही; माझे इस्त्रीचे शर्ट त्यातून सासूबाईच काढून देतात.