बांधावरचे ऐन

कल्याणात माझं फरशांचं दुकान आहे. शून्यातून उभं केलंय. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही, एक माझा थोरला भाऊ सोडून.

आंबिवलीपलीकडच्या आमच्या गावी वाटणी तोंडी झाली. त्याने खालचं भातशेत घेतलं, मला वरची उताराची जमीन दिली. रस्त्याला लागून आहे म्हणून मीही पटकन हो म्हणालो. तिची वरची माती त्याने केव्हाच वीटभट्टीला विकली होती, हे पहिली कुदळ मारल्यावर कळलं. खाली नुसता मुरूम. "तू विचारलंस कुठे?" एवढंच तो म्हणाला. विकून मोकळं व्हावं, तर सातबाऱ्यावर दोघांची नावं आणि सही द्यायला तो तयार नाही.

मग मी जिद्दीने माती करायला घेतली. शीळफाट्याकडच्या एका नर्सरीतून शिवण, करंज, बेहडा, जांभूळ आणून लावले. मधल्या ओळींत तूर आणि नाचणी. सगळी झाडं बांधापासून सहा हात आत, कारण बांध सामाईक आणि बांधावरच्या झाडात त्याचा अर्धा वाटा. त्याला एक पानही द्यायचं नव्हतं.

पावसाने मात्र दिलं. कुजलेला पाला, शेणखत, सगळं वाहून खाली त्याच्या भातात. नर्सरीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "बांधावर मुळं नाहीत तोवर तुम्ही भावाच्याच शेताला खत घालताय." त्याच्यावर मी ओरडलो. दगड रचून पाहिले, पाणी वळसा घालून गेलं.

तिसऱ्या वर्षी भावाकडे गेलो. तो पडवीत कोयत्याला धार लावत बसला होता. अख्खा बांध माझा, इथून मी सुरुवात केली. तो म्हणाला, बांधावर झाडच नको, भातावर सावली पडते. मी वीटभट्टीचा विषय काढला, आवाज चढवला आणि उठून निघालो. दुकानात असं निघालं की समोरचा हाक मारतोच. फाटकापर्यंत गेलो. हाक आली नाही. परत फिरलो.

"ऐनाची झाडं लाव," तो म्हणाला. "दरवर्षी होळीआधी फांद्या तोडायच्या आणि माझ्या राबाला द्यायच्या."

राब म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात तो.

"तोडणार कोण?"

"लावणार तू, तर तोडणारही तूच ना रे?"

आता ऐन चांगले उंच झालेत, पण नुसते खांब. दरवर्षी फुटतात, दरवर्षी मी छाटतो. त्यांच्यामागे माती मात्र थांबली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. कितीतरी वेळ मी ते बाहेर काढलं नाही.

यंदा गुडघा दुखतो म्हणून येत नाही असा फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "राहू दे. मी बुंध्यापासून तोडतो."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी झाडावर चढलो. खाली तो फांद्यांचे भारे बांधत होता. शेवटच्या झाडाची माझ्या बाजूला झुकलेली एक फांदी मी मुद्दाम ठेवली आणि उतरायला लागलो.

"ती राहिली," तो खालूनच म्हणाला.

"ती माझ्या बाजूला आहे, दादा."

"झाड बांधावर आहे रे."

मी पुन्हा वर चढलो.