दाराची कडी

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात मी पुण्याहून त्याच्याच मुलखातल्या वाशीजवळच्या एका गावात स्वयंसेविका म्हणून गेले. पुण्यात त्या मुलखाला मोगलाई म्हणत; परका देशच तो. आधी रझाकारांनी माणसं मारली होती, मग त्याच्या सुडात मुसलमान वस्तीतले पुरुष मारले गेले. उरलेल्या बायकांना मी शिवण शिकवणार होते.

पहिल्या दिवशी घरोघर कडी वाजवली. एकही दार उघडेना. मी शहाणी, आणखी जोरात वाजवली. शेवटी एक म्हातारी आतूनच म्हणाली, "कडी नका वाजवू, बाई. ते बी कडी वाजवतच आले होते."

तेव्हापासून मी लांबूनच हाक मारायची. बायका यायच्या, मुकाट टाके घालायच्या, निघून जायच्या. चार महिन्यांत माझ्या खोलीकडं कुणी फिरकलं नाही. मला रागही यायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू?

निघायच्या दिवशी सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. मी श्वास रोखून बसून राहिले. पुन्हा एकदा वाजली, हळूच.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. उंबऱ्यावर फडक्यात दोन भाकरी होत्या, निवत चाललेल्या. गल्लीत कुणीच नव्हतं.