कपाळापर्यंत आलेला पुतण्या

माझ्या पुतण्याचं बारसं जळगावात झालं तेव्हा तो अमेरिकेत झोपलेला होता, आणि यात आमच्या घरात कुणालाही काहीही वावगं वाटलं नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिकडे नोकरीला गेल्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. महिन्याला एक पत्र आणि सणावाराला फोन, एवढीच त्याची हजेरी. (पत्रातून फोटो पाठवायचं दरवेळी कबूल करायचा आणि दरवेळी विसरायचा.) त्याला मुलगा झाल्याचा फोन आला, तेव्हा आईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि जाहीर केलं, "नातू कुठंही असू दे. बाराव्या दिवशी पाळणा इथं हलणार!"

"आणि पाळण्यात कोणाला घालणार?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना सरळ प्रश्न विचारायची वाईट खोड होती.

"वरवंट्याला घालीन. पण मला आधी त्याचं तोंड पाहायचंय. तोंड पाहिल्याशिवाय मी नाव ठेवू देणार नाही."

झालं! इथं माझा प्रवेश झाला. मी नुकताच तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण केला होता. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराशेजारी लावलेलं होतं, त्यामुळे उदबत्ती आपोआप त्यालाही लागायची. घरात कॉम्प्युटर आला होता, गावात इंटरनेट आलं होतं, आणि ते टेलिफोनच्या तारेतून घरात आणायचं काम मी स्वतःच्या हातानं केलं होतं. वायरमनला बोलवा, असं आबा म्हणाले होते. मी फक्त हसलो होतो. प्रमाणपत्रवाला माणूस जसा हसतो, तसा.

"फोटो इंटरनेटवरून मागवू," मी म्हणालो. "आपली लाइन छप्पन्न हजाराच्या स्पीडची आहे. दोन मिनिटांत नातू घरात!"

आईनं हे दोन मिनिटांचं वाक्य अख्ख्या गल्लीत सांगितलं.

बाराव्या दिवशी सकाळी नऊपासूनच घर भरलं. मे महिना. जळगावात मे महिन्यात सकाळी नऊला बाहेर पडणारा माणूस एकतर नाइलाजानं पडतो किंवा बारशाला. भडगावहून अक्का आली, कारण नाव ठेवणार आत्या आणि आत्या म्हणजे माझी ही बहीण. शिंदखेड्याहून आबांची थोरली वहिनी आली. तिला आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. गल्लीतल्या तीसेक बायका आल्या. पुढच्या खोलीत पाळणा सजला, त्यात कुंची घातलेला वरवंटा पहुडला, पातेलंभर घुगऱ्या शिजल्या. गुरुजींनी मुहूर्त दिला होता साडेबाराच्या आतला. "त्यानंतर आज नको," असं ते बजावून गेले होते.

कॉम्प्युटर आतल्या, देवघराच्या खोलीत होता, कूलरशेजारी. (कॉम्प्युटरला गारवा लागतो, हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. माणसांनाही लागतो, हे अभ्यासक्रमात नव्हतं.) सगळ्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. मी बोटं मोडली आणि लाइन लावली. मोडेमनं त्याचा तो घसा खरवडल्याचा आवाज काढला.

"याला काय होतंय?" आईनं घाबरून विचारलं.

"तो अमेरिकेशी बोलतोय."

कोपऱ्यात स्पीडचा आकडा उमटला. चार हजार आठशे. छप्पन्न हजारांच्या ठिकाणी चार हजार आठशे! मी तो आकडा हातानं झाकला.

त्या काळी फोटो वरून खाली उतरायचा, दोरीनं खाली सोडलेल्या चटईसारखा, एकेक पट्टी. पाच मिनिटांनी वरची भिंत दिसली. दहा मिनिटांनी एक गुळगुळीत टक्कल उगवलं. तीस तोंडांतून एकदम "अगं बाई!" निघालं. टक्कल संपून कपाळ लागलं आणि खट्! लाइन तुटली.

"काय रे भो, पोऱ्या उना का?" मागून मोठी मायनं विचारलं. तिला पुढं जागा मिळाली नव्हती.

"येतोय, मोठी माय. कपाळापर्यंत आलाय."

"कपाळ कितलं मोठं शे! सायेब व्हई!" पुढं घुसून पडद्यावर पाहत ती म्हणाली.

"आबांच्या वळणावर गेलाय," अक्का म्हणाली. आबांनी नकळत स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला.

आता मी दोष शोधायला बसलो. दोष माझ्यात असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे शोध फार सोपा होता. आमच्या फोनला दोन जादा डबडी जोडलेली होती: एक स्वयंपाकघरात आईसाठी, एक ओट्यावर आबांच्या खाटेशी. "एकाच लाइनीवर इतकी तोंडं!" मी कडाडलो. "स्पीड येणार कुठून?" स्वयंपाकघरातला फोन मी उपटला. स्पीड सात हजार दोनशे झाला.

"बघितलंत?" मी म्हणालो.

फोटो पुन्हा पहिल्यापासून उतरू लागला. भिंत, टक्कल, कपाळ, आणि या वेळी भुवया! चांगल्या दाट, काळ्याभोर, मध्ये जुळत आलेल्या. मग खट्!



"बारा दिवसांच्या लेकराला एवढ्या भुवया?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"आमच्या घराण्यातच भुवया दाट," आई ताडकन म्हणाली. नातवावरचा पहिला आरोप तिनं असा परतवला. मग ती माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "साडेदहा झाले रे."

मी ओट्यावर गेलो आणि आबांचा फोनही काढला. आबा तेव्हा खाटेवर बसून रिसीव्हर कानाला लावून होते, कारण बोदवडच्या कुणा पाहुण्याचा पत्ता विचारायला फोन यायचा होता, आणि त्यांना दरवेळी रिसीव्हरमधून नुसती मोडेमची किंकाळी ऐकू येत होती. लाइन का तुटते, याचा मला साक्षात्कार झाला. "आबा, तुम्ही दर दहा मिनिटांनी फोन उचलताय?"

"वाजतो का ते पाहतोय," आबा शांतपणे म्हणाले. "सकाळपासून वाजला नाही."

स्पीड नऊ हजार सहाशे झाला. मोठी माय कमरेवर हात ठेवून उभी होती. "बठ्ठा फोन काढी टाकात. आते काय घर काढशी?"

घर काढलं नाही, कूलर काढला. कूलरच्या मोटरमुळे लाइनीत खरखर येते, असा मी निष्कर्ष काढला आणि कुणाला न सांगता त्याची पिन ओढली. पाचच मिनिटांत त्या खोलीत घुगऱ्या पुन्हा शिजल्या असत्या. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. एक म्हातारी भिंतीला टेकून बसली ती बसलीच. पण स्पीड चौदा हजारांवर गेला होता, आणि मी घामाच्या धारांत विजयानं हसत होतो.

भिंत. टक्कल. कपाळ. भुवया. आणि भुवयांच्या खाली एक जाड काळी आडवी रेघ, दोन्ही बाजूंना वळलेली. खट्!

"हा चष्मा आहे का रे?" अक्कानं विचारलं.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी गप्प बसायची एक उत्तम संधी माझ्याकडे चालून आली होती.

"छे!" मी म्हणालो. "स्पीड कमी असला की चित्रात अशा रेघा येतात. हा तांत्रिक दोष आहे. खऱ्या बाळाला ही रेघ नाही." आणि एवढ्यावर न थांबता मी पेन्सिलनं पडद्यावर ती रेघ दाखवून, ती कशी येते, हे तीस बायकांना समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. प्रमाणपत्र त्यांच्यासमोर भिंतीवर होतं.

पावणेबारा झाले.  आई पाळण्याजवळ जाऊन बसली होती आणि वरवंट्याची कुंची उगाच सारखी करत होती. मी तिला दोन मिनिटं सांगितली होती आणि पावणेतीन तास घेतले होते. सहा वर्षं लेकाचं तोंड पाहिलं नाही, आता नातवाचंही दिसत नाही, हे ती मला बोलून दाखवत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. मला मनातून फार वाईट वाटलं, आणि म्हणून मी आबांवर ओरडलो.

आबा जागेवर नव्हतेच. कूलर बिघडला अशी त्यांची समजूत झाली होती, आणि बायकांचे हाल न बघवून ते कोपऱ्यावरच्या सलीमभाईंना बोलवायला भर उन्हात चालत गेले होते. सलीमभाई पंखे, कूलर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात उघडून पाहिला नव्हता, त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं.

ते आले, त्यांनी कूलर उचलून बाजूला सरकवला आणि खाली वाकले. "भाऊ, कूलर को कुछ नहीं हुआ. पिन काढलेली आहे." मग आणखी वाकले. "लेकिन ये क्या है?"

त्यांनी कूलरखालच्या पाण्यातून एक वेटोळं वर काढलं. त्यातून पाणी गळत होतं.

ती माझी वायर होती. फोनपासून कॉम्प्युटरपर्यंतची. तिचा पहिला तुकडा दारावरच्या बेलचा होता, दुसरा शेतातल्या मोटरच्या खोलीत सापडलेला, आणि मधला अक्काच्या लग्नातल्या लाइटिंगच्या माळेतला. सांधे मी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं बांधले होते. आणि लांबी पुरून वर जी पंचवीस हात वायर उरली, ती कापली नव्हती. चांगली वायर कापतं का कुणी? उद्या कामाला येईल! आमच्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा कुणी कधी टाकलेला नाही. मी तिचं नीट वेटोळं करून कूलरखाली सारलं होतं, आणि कूलर महिनाभर तिच्यावर ठिबकत होता.

"ये जोड किसने मारा?" सलीमभाईंनी विचारलं.

 तीस बायका, आई, अक्का आणि आबा यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"फोनची तार कॉम्प्युटरकडे कशाला आणली?" सलीमभाई म्हणाले. "कॉम्प्युटर उचला आणि फोनकडे न्या की!"

हा उपाय कोर्समध्ये नव्हता. आम्ही चौघांनी कॉम्प्युटर उचलून पुढच्या खोलीत पाळण्याशेजारी पाटावर ठेवला. मोडेमबरोबर आलेली हातभर तार मी खोक्यातच ठेवून दिली होती, आखूड म्हणून. ती सलीमभाईंनी भिंतीतल्या फोनच्या खोबणीत लावली. कूलर सुरू झाला. आकडा उमटला: पंचेचाळीस हजार.

भिंत, टक्कल, कपाळ, भुवया, रेघ. रेघेखाली काच. काचेमागे डोळे. डोळ्यांखाली नाक, आणि नाकाखाली भरघोस मिशी.

"अरे, हाऊ तं आपला मोठा शे!" मोठी माय ओरडली.

दादाच होता तो! काळ्याभोर कुरळ्या केसांचा जो दादा आम्ही सहा वर्षांपूर्वी गाडीत बसवून दिला होता, त्याच्या डोक्यावर एक केस उरलेला नव्हता. तीन तास सगळी गल्ली ज्या कपाळाचं कौतुक करत होती, ते माझ्या भावाचं होतं. पट्ट्या उतरत राहिल्या. त्याची हनुवटी, त्याची छाती, आणि अगदी तळाशी, त्याच्या दोन तळहातांत, दुपट्यात गुंडाळलेला मुठीएवढा चेहरा. झोपलेला.

आई पाटासमोर बसली. आधी तिनं नातवाकडे पाहिलं. मग नजर वर नेली आणि लेकाच्या टकलावर, पडद्याच्या काचेवर, हात ठेवला. "काय करून घेतलंस रे हे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मलाही भरून आलं. मिशीवाल्या त्या माणसाला तांत्रिक दोष ठरवून मी तीन तास घराबाहेर ठेवलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी नाव ठेवलं. बाळाचा कान कुठला हे ठरेना, तेव्हा अक्कानं कॉम्प्युटरच्या स्पीकरला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव उच्चारलं. आईनं पडद्याला ओवाळलं. मानाची टॉवेल-टोपी आणि नारळ सलीमभाईंना मिळालं. मला घुगऱ्या मिळाल्या, त्याही तळाच्या.

मी मोडेम काढून फोन लावला, तोच तो खणाणला. अमेरिकेहून दादा. "तीन तास लाइन लागत नाही! काय चाललंय? फोटो मिळाला का?"

"मिळाला ना!" मी छाती काढून म्हणालो. "सगळं मीच तर जोडलंय!"

माझ्यामागे तीस बायका, मोठी माय आणि सलीमभाई असे हसले की पाळणा हलला.

"कोण हसतंय रे एवढं?" दादानं विचारलं. त्याला तिकडे एकेकीचं हसणं वेगवेगळं ऐकू येत होतं, कारण लाइनीत आता काहीही दोष उरलेला नव्हता.