ताईची डबल बेल

फोनवर आधी खजूरचं भुंकणं ऐकू आलं, मग ताईच्या शेजारच्या माळीकाकूंचा आवाज. "सुधीर, गाडी सावकाश चालव, पण निघ..." सावकाश म्हणाल्या तेव्हाच काय ते कळलं. शोभाताई सकाळी दारातल्या खुर्चीवर चहा घेत बसली होती, ती बसल्या बसल्याच गेली. कुत्रा कुणाला तिच्याजवळ येऊ देईना. पुण्याहून कराड ते काय लांब, पण त्या दिवशी रस्ता सरेचना. आता महिना उलटून गेला, तरी मला ताई आठवते ती कराडच्या घरातली नाही. ती आठवते कतारमधल्या एका रस्त्यावर, माझ्या डावीकडे बसलेली... नाही, तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे उजवीकडे बसलेली, आणि मला छळणारी.

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, निवृत्त होईपर्यंत एसटीत कंडक्टर होती. तोंडाने भारी फटकळ. दारात अडून उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारायची, "काय दादा, दरवाजा भाड्यानं घेतलाय का?" अख्खी गाडी हसायची आणि तो गप आत सरकायचा. नोकरी सुटली तरी घंटीची दोरी काही तिच्या हातातून सुटली नाही. रिक्षात बसो नाहीतर माझ्या कारमध्ये, बोटाच्या पेराने वाजवायची. एकदा टक म्हणजे थांब, दोनदा, टकटक, म्हणजे डबल बेल, चल. जन्म गाडीत गेला, पण मागच्या सीटवर बसवलं की हिला मळमळायचं, म्हणून पुढची सीट कायम तिची. यावरून माझी बायको अश्विनी नव्या नवलाईत रुसली होती, पुढे तिनेही नाद सोडला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोह्यात होतो, बिन महमूद भागातल्या एका फ्लॅटमध्ये. माझा प्रोजेक्ट एकाएकी गुंडाळला, निघायला थोडेच दिवस उरले, आणि आवराआवरीला हात लागावा म्हणून ताई व्हिजिट व्हिसावर आली. घरात कुत्रा बघून म्हणाली, "हे माझ्या ताटाजवळ आलं तर याद राख." आठवड्याच्या आत तोच तिच्या पायाशी झोपायला लागला, तो भाग वेगळा. खजुरासारखा रंग म्हणून आम्ही त्याला खजूर म्हणायचो. आमचं घर हे त्याचं तिसरं. तिकडे असंच चालतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणसं सोफा, फ्रिज आणि कुत्रा एकाच ग्रुपवर टाकून मोकळी होतात. काही महाभाग तर वाळवंटात नेऊन सोडतात. मी तसं करणार नव्हतो. भारतात न्यायचं तर लसी, चाचण्या, परवानग्या, त्यात कितीतरी आठवडे जाणार, ते आणायचे कुठून? उत्तरेला समुद्राजवळच्या एका शेतावरचा रखवालदार रफीक त्याला ठेवून घ्यायला तयार झाला होता. मी आजही म्हणतो, त्यात काही वावगं नव्हतं. फक्त आमच्या इराला, नऊ वर्षांच्या पोरीला, हे सांगायची छाती होईना. म्हणून शुक्रवारची सहल काढली. समुद्रावर जायचं, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत कुत्रा रफीकच्या हाती द्यायचा आणि परतताना पोरीला समजावायचं. हे मला आणि अश्विनीलाच माहीत होतं. ताईला सांगितलं नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

पण पहिल्याच पेट्रोल पंपावर ती थर्मास काढायला म्हणून गेली आणि डिकी उघडली. चटईखाली खजूरची गादी, त्याचं भांडं, खाण्याची उरलेली पिशवी, सगळं बांधून ठेवलेलं. सहलीला कोण कुत्र्याचा संसार घेऊन जातं? तिने माझ्याकडे एकदा बघितलं. आता ही बोलणार, इरासमोर बोलणार... पण ताईने डिकी लावली, सीटवर येऊन बसली आणि डॅशबोर्डवर टकटक केलं. चल.

तिथून पुढे तिने जे मांडलं, ते मी जन्मात विसरणार नाही. उत्तरेचा फाटा दिसला तशी टक. "दुखानचा समुद्र दाखव आधी." मी म्हटलं, "ताई, तो दुसऱ्या टोकाला आहे. समुद्र सगळा एकच गं!" "असू दे. एवढी विमानानं आले, दोन्ही बाजूंनी बघते." गेलो दुखानला. तिथे अर्धा तास पाण्यात पाय बुडवून उभी. मग टक, करक चहा. टक, फोटो. टक, उंट. टक, तिला चक्कर. टक, खजूरला शू. कतार केवढा देश, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत फिरून संपतो, पण तिने तो असा ताणला की ऊन कललं तरी आम्ही रस्त्यावरच. रफीकचे फोन येत होते. "किधर पहुँचे भाई? कफील आ गया तो मैं गेट नहीं खोलूँगा, खलास." कफील म्हणजे त्याचा मालक. मी फोन कानाला दाबून "हाँ हाँ, इन्शाल्ला" करत होतो. मागे अश्विनी सारखी घड्याळ बघत होती. तिच्या शेजारी इरा, मांडीवर कुत्र्याचं डोकं घेऊन विचारत होती, "बाबा, आर वी देअर येट?" आरशात मला तिचे डोळे दिसायचे आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उठायचा. शेवटी ताईवर ओरडलोच, "आता एकदा जरी टक केलंस ना, तर उतरवून देईन!" तिने हात मांडीवर घेतले आणि मग शेतापर्यंत एकदाही वाजवलं नाही.

मगरिबची बांग व्हायला आली होती. रफीक गेटवरच उभा होता. भला माणूस, खजूरच्या कानामागे खाजवून त्याने पट्टा हातात घेतला. मी गादी, भांडं काढून दिलं. इराला तेव्हा कळलं. ती रडली नाही, किंचाळली नाही. "व्हाय इज ही टेकिंग हिम?" एवढंच विचारलं. खजूर आत जाता जाता वळून बघत होता, आम्ही मागून येऊ अशा खात्रीने. मी अश्विनीला आणि इराला गाडीत बसवलं, गाडी सुरू केली, आणि... खोटं कशाला सांगू, सवयीने ताईच्या हाताकडे बघितलं. हात डॅशबोर्डवर होता. वाजवत मात्र नव्हता.

"ताई, दे ना डबल."

"पॅसेंजर खाली राहिलाय," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत माणूस खाली ठेवून मी कधी डबल दिलेली नाही. तुला न्यायची असली तर ने गाडी."

मी तिला सगळं ऐकवलं. दिवस नाहीत, कागद नाहीत, परवा सामान जाणार, तुझं काय जातंय बोलायला! ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तिघं व्हा पुढं. माझा व्हिसा आहे अजून. मी राहते आणि याला घेऊनच येते." बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली, इंग्रजीचा गंध नाही, हिंदी तर एसटी स्टँडवरची. मी हसलो. ती हसली नाही. मागून अश्विनी म्हणाली, "अहो, जा... आणा त्याला." आणि मी, बारा जणांची टीम सांभाळणारा मॅनेजर, खाली उतरून रफीकपुढे हात जोडून उभा राहिलो. तो म्हणाला, "ले जाओ भाई. बच्ची को देखा नहीं जाता." खजूर उडी मारून आत आला तेव्हा ताईने दोनदा वाजवलं, इतक्या जोरात की वाटलं बोट मोडेल.

ती राहिली. दोह्यातल्याच मदिनत खलीफात अश्विनीच्या मैत्रिणीकडे, व्हिसा संपायला दोन दिवस उरेपर्यंत. दवाखान्यात, ऑफिसात, "शुक्रन भैया" म्हणत कुणाकुणाला हाताशी धरलं देव जाणे, पण खजूरला घेऊन आली. पुण्यात आमच्या सोसायटीचे सतरा नियम, म्हणून तो कराडला तिच्याकडेच राहिला. रोज फोनवर त्याची गाऱ्हाणी सांगायची आणि फोन ठेवताना त्यालाच विचारायची, "काय रं, जेवलास का?"

तेराव्यानंतर आम्ही खजूरला घेऊन निघालो. तो दारातल्या खुर्चीखालून हलेना. इराने त्याला कसंबसं उठवलं, तर तो थेट पुढच्या सीटपाशी गेला आणि ताईचे पाय असायचे तिथे वेटोळं करून बसला. अश्विनी आपणहून मागे बसली. माळीकाकूंनी कुलूप लावलं. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि तसाच बसून राहिलो. पॅसेंजर खाली राहिला होता... इतके दिवस विधी, पाहुणे, कागद यांत मी नीट रडलोच नव्हतो. तिथे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

मग मागून इराने माझ्या सीटच्या पाठीवर बोटाच्या पेराने एकदा वाजवलं. जरा थांबली. आणि आणखी एकदा वाजवलं.