नव्वद अंशांच्या आत

खुब्याचा सांधा बदलून घरी आलो तेव्हा शस्त्रक्रियेची भीती उरली नव्हती. आता भीती होती ती वाकण्याची. व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, कमरेत नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नाही. पायावर पाय नाही, जमिनीवर बसणं नाही. नवा सांधा निखळू शकतो." बाकी सगळं ऐकलं, पण डोक्यात राहिला तो निखळणं हा शब्द.

मी आकड्यांवर चालणारा माणूस. मुलीच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन मी खुर्चीत बसायचो आणि मांडी व पाठ यांतला कोन बायकोला तपासायला लावायचो. खुर्चीवर उशी वाढवली, पलंगाच्या पायांखाली ठोकळे आले. आचोळ्याच्या आमच्या घरातली पायपुसणी, सतरंज्या, सगळं माळ्यावर गेलं. बायको म्हणाली, आता फक्त फरशी उचलून वर न्यायची राहिली आहे.

व्यायाम दिसायला सोपे होते. पडल्या पडल्या पंजा वरखाली करणं, मांडी आवळून धरणं, टाच घसरवत गुडघा मोडणं. मला अवघड जायचा तो ओट्याला धरून पाय बाजूला उचलण्याचा. पाय अधांतरी झाला की आत काहीतरी सैल आहे असं वाटे आणि मी तो लगेच टेकवायचो.

चौथ्या आठवड्यात रत्नागिरीहून मामा आले. वडील लवकर गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. बायकोने दार उघडलं. मी वॉकर धरून हॉलमध्ये उभा होतो. मामांनी पिशवी खाली ठेवली, आणि मी वाकलो. ठरवून नाही. मामा दिसले की वाकायचं, एवढंच अंगाला ठाऊक होतं. एक हात वॉकरवर, दुसऱ्याची बोटं त्यांच्या पावलांना लागली तेव्हा मी काय केलं ते मला कळलं. तेवढ्यात त्यांचा आशीर्वादाचा हात डोक्यावर आला आणि त्या हाताखालून मला वर येता येईना. खुब्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं.

बायको ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मामा, हात काढा."

दोघांनी मला पलंगावर आडवं केलं. बायकोने फिजिओथेरपिस्टला फोन लावून स्पीकर चालू केला. दुखतंय का, असं तिकडून तिने विचारलं. दुखतंय की नुसती भीती आहे, ते मला सांगता येईना.

"काकू, पाय हलवू नका, नुसतं बघा," ती म्हणाली. "एक पाय आखूड दिसतोय? पंजा आत वळलाय?"

बायको पायथ्याशी वाकून बघत राहिली. मी छताकडे पाहत होतो. तिला इतका वेळ का लागतोय ते कळेना. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा भूल, दुसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेणं, हे सगळं डोळ्यांपुढे आलं.

"सारखे आहेत," ती म्हणाली. मग तिचा स्वतःवर विश्वास बसेना. "मामा, तुम्हीही बघा."

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. "सारखेच," म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी वसईला जाऊन एक्स-रे काढला. सांधा जागेवर होता. माझी भीती मात्र गेली नाही. पाय बाजूला उचलणं मी बंदच केलं. फिजिओथेरपिस्टने समजावलं की खुब्याभोवतीचे स्नायूच त्या सांध्याला धरून ठेवतात. त्यांना काम दिलं नाही तर ते दुबळे होतील आणि मी ज्याला घाबरतोय तेच ओढवेल. म्हणजे पाय हलवला तरी भीती, नाही हलवला तरी भीती. मला पटलं होतं, पण पाय उचलत नव्हता.

मग मामा रोज ओट्यापाशी माझ्या शेजारी उभे राहून स्वतःच पाय उचलू लागले. "तुझा नवा कोरा आहे. माझा बघ, कसा कुरकुरतो," असं म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकट्याला हे करू देणं बरं दिसेना, म्हणून मीही उचलू लागलो. वीतभरसुद्धा नाही.

निघायच्या सकाळी ते पिशवी घेऊन दारापाशी गेले. माझी कंबर आपोआप पुढे कलली. त्यांनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"तिथूनच. हात जोड."

मी हात जोडले. जोडल्यावर लक्षात आलं की वॉकर कोणीच धरलेला नाही. नव्या सांध्यावर माझा भार होता आणि मांडी थरथरत होती. लगेच वॉकर पकडावासा वाटला. पण मामांचा आशीर्वादाचा हात अजून वरच होता, आणि तो खाली येण्याआधी जोडलेले हात सोडायची आमच्यात पद्धत नाही.